घोड्यांची ताकद आणि चाकाची पकड



पाचोरा-जामनेर गाडी, आपली ‘पीजे’, बहुतेकांच्या आठवणीत आहे. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेली ही छोट्या रुळांची गाडी मार्च २०२० मध्ये थांबली. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडवून, बाजूच्या रुळाने नेऊन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडायचे, याला शंटिंग म्हणतात. मोठ्या यार्डात दिवसभर हेच काम करणारे वेगळे इंजिन असते. त्यापासून ऊस वाहतूकदाराने शिकण्यासारखे आहे.

अशी डिझेल इंजिने आपल्या देशात १९४४-४५ मध्ये अमेरिकेतून आली. कोळशाचे इंजिन उभे असले तरी भट्टी पेटती ठेवावी लागे. डिझेलला ती कटकट नाही. पुढे १९७० च्या दशकात वाराणसीच्या कारखान्यात अमेरिकन अल्को पद्धतीचे ‘डब्ल्यूडीएस-६’ हे शंटिंग इंजिन तयार होऊ लागले.

यातील डिझेल इंजिन चाकाला जोडलेले नसते. ते जनरेटर फिरवते आणि त्या विजेवर सहा आसांच्या सहा मोटरी चालतात. क्लच नाही, गिअर बदलणे नाही. विहिरीवरची मोटर बटण दाबताच जोर धरते, तसेच हे.

आता आकडे पाहा. लांब पल्ल्याच्या ‘डब्ल्यूडीएम-२’ ची ताकद २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११३ टन. शंटिंगच्या ‘डब्ल्यूडीएस-६’ ची ताकद सुमारे १३५० अश्वशक्ती, पण वजन १२६ टन! ताकद निम्मी, वजन जास्त. कारण उभी गाडी हलवताना वेग लागत नाही, चाकाची पकड लागते. पकड सुटू नये म्हणून इंजिनात रुळावर वाळू सोडण्याचीही सोय असते.

मागे एका हंगामात आपल्याच एका सभासदाने जास्त हॉर्सपॉवरचा नवा ट्रॅक्टर घेतला. दोन ट्रॉल्या गच्च भरून निघाले आणि नाल्याच्या चढावर चाक जागीच फिरू लागले. पुढची चाके उचलू लागली तेव्हा ड्रायव्हरने उडी मारली, म्हणून वाचला. ऊस दीड दिवस तिथेच वाळला. वजन घटले, उतारा घटला, वाहतुकीचा खर्च मात्र तेवढाच बसला.

रेल्वे इंजिनाची सगळी चाके ओढतात. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांची फक्त मागची. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) चढाच्या रस्त्यावर एकच ट्रॉली न्यावी; दुसरी मागाहून आणावी.
२) ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. वर जोडल्यास पुढची चाके उचलतात.
३) पुढे वजनाच्या प्लेटा लावाव्यात. मागच्या टायरात पाणी भरणे कंपनीच्या पुस्तकाप्रमाणेच करावे.
४) चढाच्या आधीच खालचा गिअर टाकावा, मध्यावर नको.
५) नंबर आल्याशिवाय तोड करू नये. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे.

ऊस कापला की घड्याळ सुरू होते. दोन खेपा झाल्या तरी चालतील, पण ड्रायव्हर सुखरूप घरी आला पाहिजे आणि ऊस ताजा काट्यावर आला पाहिजे.

— ऊस विकास अधिकारी