सौर बंब बिघडल्यास ग्राहकाने काय करावे?

सौर बंबामुळे सरपण व वीज यांची बचत होते, हे आता खेडोपाडी सर्वांस ठाऊक आहे. परंतु टाकी गळू लागली किंवा पाणी तापेनासे झाले, म्हणजे विक्रेता "माणूस पाठवितो" असे सांगत राहतो व महिने निघून जातात. अशा वेळी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याचा आधार घेता येतो.

घरगुती उपयोगासाठी बंब घेणारा हा ग्राहक होय. स्वतः राबून उपजीविकेसाठी चालविलेल्या गोठ्याकरिता बंब घेणारा शेतकरीही ग्राहकच ठरतो. व्यापारी नफ्यासाठी केलेली खरेदी मात्र या कायद्यात येत नाही.

खरेदीच्या वेळी पक्की पावती व शिक्का मारलेले हमीपत्र अवश्य घ्यावे. क्षारयुक्त पाण्याने होणारी हानी अनेक हमीपत्रांत वगळलेली असते. म्हणून विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी आधी तपासून घ्यावे व तो अहवाल विक्रेत्यास दिल्याची पोच ठेवावी.

बिघाड होताच पुढीलप्रमाणे वागावे :

(१) दोषाची छायाचित्रे काढावी. विक्रेत्याने पाहण्यापूर्वी बंब अन्य कारागिराकडून उघडवू नये.

(२) विक्रेता व उत्पादक या दोघांस लेखी तक्रार पोचदेय डाकेने पाठवावी व दुरुस्तीसाठी निश्चित मुदत द्यावी.

(३) दाद न लागल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीस १९१५ या क्रमांकावर कळवावे.

(४) तरीही निकाल न लागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करावी.

विक्रेता परगावचा असला तरी ग्राहकास आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही व वकील नेमण्याचीही सक्ती नाही. दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर आयोग योग्य प्रयोगशाळेचा अहवाल मागवितो. दोष सिद्ध झाल्यास दुरुस्ती, नवा बंब किंवा किमतीची परतफेड आणि त्याखेरीज नुकसानभरपाई यांचा आदेश होऊ शकतो.

मुदतीकडे मात्र दुर्लक्ष होता कामा नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. विलंबाचे सबळ कारण पटल्यास आयोग तो क्षमापित करू शकतो; पण विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बंब बसविलेल्या घरी जाऊन पावती व हमीपत्र जपून ठेवले आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. कागद हाती असेल तरच कायद्याचे बळ ग्राहकाच्या उपयोगी पडते.