ओळखीचे शब्द, नवे अर्थ

रामटेकच्या गडाच्या पायथ्याशीं ज्याचा जन्म गेला, त्याला 'मेघ' आणि 'दूत' हे शब्द कोणीं शिकवावे लागत नाहींत. कालिदासाच्या यक्षाचा रामगिरि तो हाच, असें मत महामहोपाध्याय मिराशींसारख्या पंडितांनीं साधार मांडलें आहे, आणि १९९७ सालीं त्याच कविकुलगुरूच्या नांवानें येथें संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झालें. अशा गांवांत चौतीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें घोकून घेतलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास, इंडोनेशियाच्या भाषेंतहि ढगाला 'मेगा' व राजदूताला 'दूता बसार' म्हणतात हें प्रथम समजलें, तेव्हां केवढा आनंद झाला असेल, हें वाचकांनींच ओळखावें. त्या आनंदाच्या भरांत माझ्या हातून एक चूक घडली. तिचीच ही हकीकत आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी संस्कृत घेऊन पदवीधर झाली, आणि जावा बेटांतील योग्यकार्ता शहरीं तीन महिन्यांच्या भाषावर्गास जाण्याचें तिनें ठरविलें. परदेशीयांस इंडोनेशियन भाषा शिकविणारे असे वर्ग तेथील अनेक विश्वविद्यालयांत चालतात. त्यांना संक्षेपानें 'बिपा' म्हणतात. परदेशी विद्यार्थ्यांकरितां तेथील सरकारनें १९७४ सालीं एक शिष्यवृत्ति सुरू केली, तिचें नांवच 'दर्मसिस्वा', म्हणजे धर्म आणि शिष्य! भाचीचा क्रम सकाळीं वर्ग, दुपारीं बातिक कापडाचें रंगकाम अथवा गामेलान वाद्यांचा परिचय, आणि रात्रीं एका कुटुंबांत मुक्काम, असा ठरला होता.

बहिणीस घोर लागला. मुलगी एकटी, मुलूख परका, आणि खाण्यापिण्याचें काय? मीं तिला धीर दिला, "अग, भाषेला ते 'बाहासा' म्हणतात. सगळें आपलेंच आहे तेथें." एवढ्यावर न थांबतां मीं एक वही सिद्ध केली. एका स्तंभांत त्यांचे शब्द, दुसऱ्यांत आपले अर्थ. नामा, पुत्रा, बूमी, मनुसिया, गुरु, राजा असे शंभरांवर शब्द झाले. "एवढे पाठ कर, महिन्याभरांत बोलूं लागशील," असें सांगून मीं ती वही भाचीच्या हातांत ठेविली.

पहिल्या आठवड्यांतच वहीनें तिला फसविलें. घरमालकीणबाईंस 'आई माझी फार चिंता करते' असें सांगावें, म्हणून तिनें वहींतला 'चिंता' शब्द धीटपणें वापरला. बाई हंसल्या, आणि "सगळ्याच आया तशा असतात" असें म्हणून त्यांनीं तिच्या पाठीवरून हात फिरविला. दुसऱ्या दिवशीं वर्गांत कळलें कीं, त्या भाषेंत 'चिंता' म्हणजे प्रेम!

मग एकेक शब्द ढळूं लागला. 'बिचारा' हा आपला विचार, पण अर्थ बोलणें. 'काता' म्हणजे कथा नव्हे, शब्द. 'नगारा' म्हणजे नगर नव्हे, राष्ट्र. 'चाहाया' ही आपली छाया, पण तेथें ती उजेड झाली आहे. आणि 'संग्सारा' हा आपला संसार. त्याचा अर्थ हालअपेष्टा. एवढ्या एका शब्दाचा अर्थ मात्र त्या लोकांनीं बरोबर लाविला आहे, असें आमच्या सौभाग्यवतींचें मत पडलें.

खाण्याचा धडा तर वहींत नव्हताच. 'दागिंग', म्हणजे मांस, खात नाहीं असें तिनें पहिल्या रात्रीं सांगितलें. दुसऱ्या रात्रीं पानांत कोंबडी आली. 'दागिंग' म्हटलें म्हणजे तेथें बहुधा गुराचेंच मांस समजतात. तेव्हां 'आयाम' म्हणजे कोंबडी, 'इकान' म्हणजे मासा, 'उदांग' म्हणजे कोळंबी, हीं सारीं निरनिराळीं सांगावीं लागलीं. आणि चटणींत वाटून घातलेली 'तरासी', म्हणजे आंबविलेल्या कोळंबीचा गोळा, ती तर नजरेसहि पडत नाहीं. हें सर्व उमगल्यावर बाईंनीं तिच्यासाठीं आंबविलेल्या सोयाबीनच्या 'तेंपे'च्या वड्या तळल्या, आणि उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचें कालवण घालून 'गादो-गादो' केलें.

व्याकरणांत मला आणखी एक धक्का बसला. या भाषेंत नामाला विभक्तीचे प्रत्यय नाहींत, व्याकरणांत लिंगभेद नाहीं, आणि क्रियापद काळाप्रमाणें बदलत नाहीं. 'सुदाह' म्हणजे झालें, 'बलुम' म्हणजे अजून नाहीं, 'आकान' म्हणजे होणार. एवढ्या शब्दांवर काळाचें काम भागतें. अनेकवचन दाखवावयाचें तर शब्द दोनदां उच्चारतात. कठीण काय तें उपसर्गांचें प्रकरण. 'आजार' हें मूळ, त्यापासून 'बलाजार' म्हणजे शिकणें, 'मंगाजार' म्हणजे शिकविणें, आणि 'पलाजार' म्हणजे विद्यार्थी. शिकण्या-शिकविण्याच्या मुळाशीं आजार आहे, हें मला जन्मभर ठाऊक होतेंच!

परंतु एके ठिकाणीं तिला घरच्यासारखें वाटलें. त्या भाषेंत 'कामी' व 'कीता' असे दोन शब्द आहेत. 'कामी' म्हणजे तुला वगळून आम्ही, 'कीता' म्हणजे तुझ्यासह आपण. हा भेद संस्कृतांत नाहीं, पण मराठींत आहे. संस्कृतच्या वहीनें जेथें फसविलें, तेथें स्वयंपाकघरांतल्या मराठीनें हात दिला.

आपल्या नागपुरास जावाचा अभ्यास नवा नाहीं. डॉ. रघुवीर यांच्या संस्थेनें १९५७ सालीं 'वृहस्पतितत्त्व' हा प्राचीन जावानी ग्रंथ सुदर्शना देवी यांच्याकडून संपादित करवून तेथूनच प्रसिद्ध केला. परंतु ग्रंथ वाचणें निराळें, आणि त्या लोकांच्या घरीं पाट मांडून बसणें निराळें. ग्रंथांत आपल्याला आपलेंच प्रतिबिंब दिसत राहतें. घरांत समोर दुसरें माणूस असतें.

'सगळें आपलेंच' या माझ्या बोलण्यांत ज्ञान थोडें व अहंकार फार होता. आपण पाव आणि बटाटा म्हणतों, म्हणून मराठी पोर्तुगीजांची झाली काय? २८ ऑक्टोबर १९२८ रोजीं तेथील तरुणांनीं एका भाषेची प्रतिज्ञा केली. जावानी बोलणारे संख्येनें सर्वांत अधिक असतांहि त्यांनीं व्यापारपेठांतून सर्वांस परिचित असलेली मलायु भाषा त्या ऐक्याचा पाया म्हणून स्वीकारिली, आणि १९४५ च्या राज्यघटनेनें ती राष्ट्रभाषा ठरविली. संस्कृत, अरबी, पोर्तुगीज, डच अशा अनेक भाषांचें धन त्यांनीं घेतलें व आपल्या कष्टानें वाढविलें. आणि अर्थ बदलला म्हणून हंसावें, तर आपण काय केलें आहे? संस्कृतांतला 'राग' म्हणजे अनुराग. मराठींत त्याचा संताप झाला. 'शिक्षा' म्हणजे शिकविणें. तिचा दंड झाला, आणि त्यास आम्ही मास्तरच कारण असावे!

तिच्या मुक्कामांत रमझानचा महिना आला. उपवासाला तेथील मुसलमानहि 'पुआसा' म्हणतात, पुण्याला 'पाहाला', म्हणजे फल, आणि पापाला 'दोसा', म्हणजे दोष. एके दिवशीं एकादशी होती. भाचीनें सकाळीं सांगितलें कीं आज माझाहि पुआसा आहे. तोंवर घरच्या चालीरीती सांगतांना बाईंच्या तोंडीं 'कामी' येत असे. त्या दिवशीं त्या म्हणाल्या, "हारी इनी कीता पुआसा", म्हणजे आज आपण दोघी उपवासी. फोनवर हें सांगतांना भाचीचा आवाज भरून आला. माझ्या वहींतल्या शंभर शब्दांहून हा एक शब्द मोठा होता.

तीन महिन्यांत भाषा येते असें कोणीं समजूं नये. भाजी घेणें, वाट विचारणें, सुखदुःख बोलणें एवढें साधलें. वर्तमानपत्र अजून अडखळत वाचते, आणि यजमान घरांत आपसांत जी जावानी बोलत ती तर बहुतेक कळलीच नाहीं. परंतु पुढें शिकण्याची वाट मोकळी झाली. तिनें वही परत आणली. दुसऱ्या स्तंभांतले माझे अर्थ खोडून शेजारीं तिनें आपले लिहिले आहेत. ती मी आतां रोज वाचतों.

यंदा ती पुन्हां जात आहे. बहिणीनें या खेपेस खाण्यापिण्याचें कांहीं विचारिलें नाहीं. पिशवी भरतां भरतां एवढेंच म्हणाली, "त्या बाईंना मेतकूट आवडेल ना ग?"