गांजाचे परवाने व स्थानिक मंडळें : कॅलिफोर्नियांतील अनुभव

अमेरिकेंत गांजाची शेती मोकळी झाली व तेथील शेतकरी एका हंगामांत धनवान झाले, अशा वार्ता अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांपर्यंत येऊन पोहोंचतात. त्यांत परवान्याचा उल्लेख असतो. परंतु परवाना देतो कोण, आणि दिलेला परवाना टिकतो किती, हें कोणी सांगत नाहीं. शेतकऱ्यास मुख्य तेंच जाणणें अवश्य असल्यामुळें त्याचा खुलासा आम्ही येथें करीत आहों.

कॅलिफोर्निया राज्यांत ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं लोकमत घेण्यांत येऊन २१ वर्षांवरील इसमांस गांजा बाळगण्याची मोकळीक मिळाली, व १ जानेवारी २०१८ पासून परवानेवाल्या दुकानांतून विक्री सुरू झाली. तथापि त्याच कायद्यानें स्थानिक संस्थांच्या हातीं मोठी सत्ता ठेविली. राज्यांत ५८ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तिचा कारभार बहुतेक ठिकाणीं निवडून आलेल्या पांच सभासदांचें मंडळ पाहतें, व शहरांच्या हद्दींत नगरमंडळ. या मंडळास वाटल्यास तें आपल्या हद्दींत गांजाची लागवड, साठवण व विक्री यांस साफ मनाई करूं शकतें. आणि जेथें अशी मनाई आहे तेथें राज्याचा परवाना मिळत नाहीं. शाळेपासून ६०० फुटांच्या आंत दुकान नको, असा राज्याचा सर्वसाधारण नियम आहे; पण हें अंतरही स्थानिक मंडळास बदलतां येतें. मात्र राहत्या घराच्या आंत सहा झाडें लावण्याचा व्यक्तीचा हक्क मंडळास काढून घेतां येत नाहीं. प्रत्यक्षांत कित्येक शहरांनीं दुकानें नाकारलींच. राज्यानें दार उघडलें खरें, पण अडसर गांवाच्या हातीं राहिला.

याचा परिणाम काय होतो तें कॅलाव्हेरास या डोंगराळ काउंटीच्या उदाहरणावरून चांगलें समजतें. सप्टेंबर १९१५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, सप्टेंबर २०१५ मध्यें तेथें मोठा वणवा लागून ७० हजार एकरांहून अधिक मुलूख जळाला. उत्पन्न बुडालेल्या काउंटीस पैशाची गरज होती. मे २०१६ मध्यें मंडळानें तांतडीचा ठराव करून लागवडीकरितां अर्ज मागविले; दर अर्जास फी ५,००० डॉलर. सातशेंहून अधिक अर्ज आले. नोव्हेंबरांत मतदारांनीं उघड्या रानांतील लागवडीवर दर चौरस फुटास २ डॉलर कर मंजूर केला. आपल्या मापानें हिशेब करूं : गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हां एका गुंठ्यास कर २,१७८ डॉलर, व अर्ध्या एकरास ४३,५६० डॉलर!

लोकांनीं फी भरली, कर भरला, जमिनींत पैसा घातला. परंतु त्याच निवडणुकींत मंडळाचे सभासद पालटले. १० जानेवारी २०१८ रोजीं तीन विरुद्ध दोन मतांनीं मंडळानें व्यापारी लागवडीस बंदी केली. पुढें ऑक्टोबर २०१९ मध्यें पुनः तीन विरुद्ध दोन मतांनींच ती उठविली. ज्यांची शेतें मधल्या काळांत बसलीं, त्यांस ही उशिराची परवानगी काय कामाची? विरोध करणाऱ्यांचेंही म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. बिनपरवाना लागवड, पाणी, दुर्गंधि व शेजाऱ्यांचा उपद्रव यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. पण आधीं पैसे घ्यावे व मग बंदी करावी, हा क्रम आम्हांस न्यायाचा वाटत नाहीं.

दुसरें उदाहरण उत्तरेकडील हंबोल्ट काउंटीचें. तेथेंही २०१६ सालीं क्षेत्रावर कर बसला. उघड्या लागवडीस चौरस फुटास १ डॉलर. महसूल दप्तरांत हयात गेलेल्या आम्हांस यांतील दोष तेव्हांच दिसतो. क्षेत्रावरील आकार पिकाचा भाव पाहत नाहीं. भाव चढता असतां तो जाणवत नाहीं. उतरला कीं तोच गळफांस होतो. २०२१ मध्यें घाऊक भाव कोसळले, आणि दहा गुंठ्यांचे १०,८९० डॉलर मात्र तसेच उभे राहिले. शेतकऱ्यांनीं गाऱ्हाणें घातल्यावर फेब्रुवारी २०२२ मध्यें मंडळानें आदल्या सालच्या करांत शेंकडा ८५ सूट दिली, व वर्षअखेरीस पुढील कर कांहीं काळ तहकूब केला. सूट व तहकुबी हे शब्द आपल्याकडील दुष्काळी सालांतून आपल्या परिचयाचेच आहेत.

आतां आपल्या मुलुखाविषयीं. इंग्रजी अमदानींत अहमदनगर जिल्ह्यांत परवान्यानें गांजाची लागवड होत असे, हें जुन्या माणसांच्या तोंडून ऐकूं येतें व तें खरेंही आहे. परंतु १९८५ च्या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यानें तो काळ संपला. त्या कायद्याखालीं लागवडीस मुभा देण्याचा अधिकार सरकारचा आहे. उत्तराखंडानें धाग्याकरितां अशा लागवडीचे परवाने दिलेले आहेत. ग्रामपंचायतीस किंवा जिल्हा परिषदेस असा अधिकार मुळींच नाहीं. त्यांनीं ठराव केला तरी शेतकऱ्याचा बचाव होणार नाहीं. बिनपरवाना झाडें लावल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. उसांत किंवा तुरींत चार झाडें लपविणाऱ्यासही हेंच कलम लागू आहे.