अंगणातली मोठी तबकडी

आज पुष्कळ घरांवर टीव्हीची लहान तबकडी दिसते. ती परातीएवढी असते. पण पूर्वी हीच तबकडी १०-१२ फुटांची असे. ती एवढी मोठी का होती? आणि तिच्यावरून अमेरिकेत भांडण का झाले? ते आपण पाहू.

उपग्रह कुठे असतो?

टीव्हीचा उपग्रह म्हणजे माणसाने आकाशात सोडलेले यंत्र. ते विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असते. तिथून पृथ्वीभोवती एक फेरी घालायला त्याला एक दिवस लागतो. पृथ्वीही एका दिवसात स्वतःभोवती फिरते. दोन मुली फुगडी घालतात, तेव्हा दोघीही फिरतात. पण एकीला दुसरीचे तोंड सारखे समोरच दिसते. तसेच हे आहे. म्हणून उपग्रह आपल्याला एकाच जागी असल्यासारखा वाटतो. टीव्हीसाठी अशा उपग्रहांचा उपयोग होईल, हे आर्थर क्लार्क या लेखकाने १९४५ सालीच लिहून ठेवले होते.

तबकडी मोठी का?

सुरुवातीच्या उपग्रहांची ताकद फार थोडी होती. एका वाहिनीसाठी सुमारे ५ वॅट, म्हणजे एखाद्या लहान दिव्याला लागते तेवढीच वीज. त्या लहरी इतक्या दूरून येत आणि देशभर पसरत. मग एका अंगणात कितीशा पडणार? भुरभुर पाऊस पडतो तेव्हा वाटीत चार थेंब जमतात, परातीत जास्त जमतात. लहरींचेही तसेच. म्हणून तबकडी मोठी लागे. तिचा खोलगट आकार सगळ्या लहरी एका ठिकाणी गोळा करी. तिथून त्या तारेने घरात येत.

हॉवर्ड यांचे पत्र

१९७६ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात टेलर हॉवर्ड नावाच्या प्राध्यापकांनी घरी अशी तबकडी बसवली. त्यांना एचबीओ या कंपनीचे चित्रपट दिसू लागले. फुकट पाहणे त्यांना बरे वाटले नाही. त्यांनी कंपनीला १०० डॉलरचा चेक पाठवला. कंपनीने तो परत केला. आम्ही मोठ्या केबल कंपन्यांशीच व्यवहार करतो, एकट्यादुकट्याशी नाही, असे उत्तर आले.

पुढे १९७९ साली तबकडीला सरकारी परवाना लागेनासा झाला. मग खेड्यापाड्यांत, जिथे केबल पोचली नव्हती तिथे, तबकड्या भराभर वाढल्या. लोक म्हणत, लहरी आमच्या अंगणात पडतात, त्या आम्ही का घेऊ नये? कंपन्या म्हणत, चित्रपटांना पैसा लागतो, तो कोण देणार? दोघांचेही म्हणणे अगदीच खोटे नव्हते.

१९८६ च्या जानेवारीत एचबीओने चित्र मुद्दाम विस्कटून पाठवायला सुरुवात केली. ते नीट दिसायचे तर वेगळी पेटी विकत घ्या आणि दरमहा पैसे भरा! तबकडीवाले फार रागावले. तबकड्यांचा खपही घसरला.

आपल्याकडे काय झाले?

आपल्याकडे मोठी तबकडी एकट्या घराला परवडत नसे. १९९१ सालापासून परदेशी वाहिन्या दिसू लागल्या. तेव्हा मुंबईत केबलवाला गच्चीवर एक तबकडी बसवी. तिच्यातून तो घरोघर तार नेई आणि महिन्याला पैसे घेई.

नंतर उपग्रहांची ताकद वाढली, आणि अधिक आखूड लहरी वापरात आल्या. म्हणून तबकडी लहान झाली. २००३ सालापासून आपल्याकडे घरोघरी लहान तबकडी बसू लागली. २००४ साली दूरदर्शनने आपली सेवा सुरू केली. तिला पेटी आणि तबकडी विकत घ्यावी लागते, पण महिन्याचे पैसे पडत नाहीत.

यातून एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्याच्या कष्टाचे मोल द्यावे, हे खरेच. पण जो आपण होऊन मोल द्यायला येतो, त्याच्यासाठी दार उघडे असावे. दार लावून घेतले, तर पुढे भांडण वाढते.