झटक्यानंतरचा तिसरा दिवस

मिरजेत कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या बाकड्यावर घटकाभर बसा, एक तक्रार कानावर पडतेच. "आणलं तेव्हा ओळखत होते, पाणी मागत होते. तिसऱ्या दिवशी एकदम गुंगीत गेले. इथं आणूनच बिघडलं बघा." 1894 साली विल्यम वानलेस यांनी रुग्णालय उभारल्यापासून सांगली-साताऱ्याचेच नव्हे, तर विजापूर-बेळगावकडचे रुग्णही मिरजेची वाट धरतात. अंगावरून वारं गेलेला, म्हणजे पक्षाघाताचा झटका आलेला माणूस दवाखान्यात पोचूनही दोन दिवसांनी ढासळला, की संशय डॉक्टरांवर जाणारच. पण झटका मोठा असेल, तर या बिघाडामागे बहुधा रुग्णाच्याच शरीराचा हात असतो.

मेंदूच्या रक्तवाहिन्या बाकी शरीरातल्यांपेक्षा वेगळ्या आहेत, याची चाहूल 1885 मध्ये पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाला लागली. प्राण्याच्या रक्तात रंग सोडला, तर सगळे अवयव रंगले. मेंदू मात्र कोराच राहिला. त्याला वाटलं, मेंदूला हा रंग धरतच नसेल. पुढे त्याचाच विद्यार्थी एडविन गोल्डमन यानं 1913 मध्ये उलटा प्रयोग केला. रंग रक्तात न सोडता थेट मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं! म्हणजे मेंदूला रंग धरत होता. आड येत होती ती मधली भिंत. ती नेमकी कुठं आहे, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून दिसायला 1967 उजाडलं. केशवाहिन्यांच्या आतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात, की रक्तातली प्रथिनं त्यांच्यामधून निसटू शकत नाहीत.

गुठळीनं रक्तपुरवठा तुटला, की हेच सांधे उसवू लागतात. मरणाऱ्या चेतापेशींतून धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात. मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, या संदेशांनी खवळतात आणि दाह पेटवणारी रसायनं सोडतात. त्या हाकेनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही तासांतच तिथं जमतात. त्यांच्याजवळ एमएमपी-9 नावाचं विकर असतं. ते वाहिनीच्या भिंतीचा पायाच विरघळवतं. मग रक्तातलं पाणी आणि प्रथिनं मेंदूत झिरपतात. ही सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात कळसाला पोचते. घट्ट झाकणाच्या डबीत बेदाणा ठासून भरावा आणि वर पाणी ओतावं, तशी गत होते. फुगायला जागाच नसते. दाब वाढतो, शाबूत भागही चेपला जातो आणि काल बोलणारा माणूस आज डोळे उघडत नाही. काही वेळा तर कवटीचा तुकडा काढून सुजेला वाट करून द्यावी लागते.

मग सूज उतरवणारं स्टेरॉइड का देत नाहीत? नातेवाइकांचा हा प्रश्न रास्त आहे. स्टेरॉइड देऊन पाहिली. पक्षाघाताच्या सुजेवर त्यांचा उपयोग झाला नाही. पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू न देणारं एन्लिमोमॅब हे प्रतिपिंड 625 रुग्णांवर तपासलं गेलं. 2001 मध्ये निकाल आला तो उलटाच. औषध दिलेल्यांत 22.2 टक्के रुग्ण दगावले, न दिलेल्यांत 16.2 टक्के. हे प्रतिपिंड उंदराचं होतं. त्यानंच शरीर आणखी खवळलं असावं. त्याहून मोठी अडचण म्हणजे दाह नुसता वैरी नाही. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणं, नव्या वाहिन्या घडवणं ही कामंही त्याचीच. 2006 मधल्या एका प्रयोगात झटक्यानंतर सातव्या दिवशी एमएमपी रोखल्यावर उंदरांची सुधारणाच मागे पडली. पहिल्या दिवशी घातक ठरणारं विकर आठवड्यानं कामाचं ठरतं. माझ्या मते, या क्षेत्रात इतकी औषधं आपटली त्याचं मोठं कारण हेच. आपण 'काय थांबवायचं' एवढंच विचारलं, 'कधी' हे उशिरा विचारलं.

गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनला सहसा साडेचार तासांची मर्यादा असते, तिचंही एक कारण ही भिंतच. उशीर झाला, की उसवलेल्या वाहिनीत रक्त पुन्हा सोडणं म्हणजे मेंदूत रक्तस्राव ओढवून घेणं. 1995 च्या गाजलेल्या अमेरिकी चाचणीत तीन तासांच्या आत इंजेक्शन देऊनही 6.4 टक्के रुग्णांना असा गंभीर रक्तस्राव झाला. तरीही एकूण फायदाच जास्त ठरला. याच कुळातलं टेनेक्टेप्लेज हे औषध आता पुण्यात बनतं. पण जत-आटपाडीच्या टोकाच्या वस्तीवरून मिरज गाठायचं, तर प्रवासातच दोन तास जातात. त्याआधीचे तास कबुतराच्या रक्ताच्या मालिशीसारख्या गावठी उपायांत घालवले, तर पुण्याच्या औषधाचा उपयोग काय? 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीच्या 86 गावांत केलेल्या अभ्यासात दर सात मृत्यूंमागे एक पक्षाघाताचा निघाला, आणि त्यातले 87 टक्के मृत्यू घरातच झालेले.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालयच गाठा. तोंडात पाणी घालू नका. गिळता येत नसेल तर ते फुफ्फुसात जातं. आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ कागदावर लिहून न्या. झोपेतून उठताना झटका लक्षात आला असेल, तर रात्री झोपतानाची वेळ सांगा. डॉक्टरांचे तास तिथून मोजले जातात.