फेरफाराची नोंद आणि आवृत्तीचा क्रमांक

एखाद्या वस्तूचे वर्तमान रूप आणि त्या रूपापर्यंत ती ज्या क्रमाने आली तो क्रम, या दोन भिन्न गोष्टी होत. संगणकाच्या आज्ञावलींचा संच वितरित करताना त्यातील प्रत्येक फाईल कोणत्या आवृत्तीची आहे व ती का बदलली, हे स्वतंत्रपणे नोंदवावे लागते, ते याच कारणास्तव. हीच व्यवस्था बारामती व इंदापूर तालुक्यांतील गावांच्या महसुली दप्तरांतही आढळते.

इंदापूरला या विषयात विशेष स्थान आहे. प्रिंगल यांची मोजणी सदोष ठरल्यावर १८३५ साली गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्या जमाबंदीचा आरंभ याच तालुक्यात केला. या पद्धतीत शेताचा सर्व्हे नंबर स्थिर राहिला. धारक बदलला तरी क्रमांक तोच. धारकांच्या हक्कांची नोंद पुढे १९०३ च्या कायद्याने आली.

सातबारा वर्तमान स्थिती दाखवितो, तर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, बदलांचा क्रम सांभाळते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार नोंद प्रथम या वहीत होते, हितसंबंधितांना सूचना जाते, हरकतींचा विचार होतो, आणि प्रमाणित झाल्यावरच ती सातबाऱ्यावर चढते. जुने नाव नाहीसे केले जात नाही. त्याला कंस केला जातो. सामान्य लेखनात कंस पूरक मजकूर दर्शवितो. येथे त्याचा अर्थ ‘पूर्वी खरे होते, आता अंमलात नाही’ असा होतो.

साम्याला मर्यादाही आहे. फेरफार क्रमांक केवळ अनुक्रम सांगतो. वारसाची नोंद व खरेदीची नोंद एकाच माळेत येतात. आज्ञावलीचा २.४.१ असा त्रिपदी क्रमांक, संकेत पाळला असल्यास, बदलाचे स्वरूपही सुचवितो. पहिले पद वाढले तर जुन्याशी मेळ तुटला, दुसरे वाढले तर भर पडली, तिसरे वाढले तर केवळ दुरुस्ती झाली, असे समजावे.

धोका मात्र दोन्हीकडे एकच. १९४७ च्या कायद्यान्वये झालेल्या एकत्रीकरणात अनेक गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. दोहोंचा मेळ दाखविणारा तक्ता गहाळ झाला, तर जुना फेरफार कोणत्या शेताचा हे उमगत नाही, आणि त्या नोंदीवर विसंबलेल्या बहिणीचा हिश्श्याचा दावा लंगडा पडतो. म्हणून नाव शेताचे असो वा फाईलीचे, ते बदलताना जुन्या नावाचा दुवा जपलाच पाहिजे.