वर्णनात्मक नोंदींचा रकाना

आपल्या प्राथमिक शाळांच्या दप्तरात ‘वर्णनात्मक नोंदी’ या नावाचा एक रकाना असतो. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत अमलात आली, तेव्हा गुण आणि श्रेणी यांच्यापलीकडे मुलाची आवड, त्याचा स्वभाव आणि सोबत्यांशी असलेले त्याचे वर्तन यांचीही दखल शाळेने घ्यावी, या सद्हेतूने अशा नोंदींना महत्त्व आले. आणि मग हजेरीपट, पोषण आहाराचा हिशेब, नाना तऱ्हेचे तक्ते व वरिष्ठ कचेरीकडून येणारी माहितीची मागणी यांच्या भाराखाली वाकलेल्या शिक्षकाने त्या रकान्यात ‘वर्गात नेहमी उत्साही असतो’, ‘इतरांशी मिळूनमिसळून वागतो’ अशी तयार वाक्ये उतरवून काढावी, हेही ओघानेच आले. तसल्या वाक्यांच्या याद्या हातोहात फिरतात. शिक्षकाला दोष द्यावा म्हणून मी हे लिहीत नाही. परंतु प्रगतिपुस्तकातील जो रकाना मुलाच्या मनाविषयी विचारतो, नेमके त्यालाच आपण ठरीव उत्तर देतो, याचे मला मनापासून दुःख होते.

वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावातील एखादे मूल डोळ्यांपुढे आणावे. आश्विनात सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की आई उजाडता उजाडता शेताची वाट धरते आणि तिसरी-चौथीतल्या थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते. ती शाळेत आली तरी तिचे अर्धे चित्त त्या भावंडापाशी असते, आणि न आली तर हजेरीपटावर ‘गैरहजर’ एवढाच शेरा पडतो. दुसरे एखादे मूल बंजाऱ्यांच्या तांड्यावरून येते. त्याच्या घरी गोरमाटी बोलतात, अंगणात वऱ्हाडी बोलतात, आणि पुस्तकात तिसरीच मराठी असते. ते धीर करून ‘मले नाई समजलं’ म्हणते, तेव्हा आधी ‘मले’ नव्हे, ‘मला’ म्हण, असे त्याला सांगण्यात येते; मग वर्ग हसतो, आणि न समजलेले गणित बाजूलाच राहून आपली बोली ही काहीतरी लपविण्याची वस्तू आहे, एवढा एक धडा मात्र त्याला पक्का समजतो. पुढे कित्येक महिने ते मूल प्रश्न विचारीत नाही. त्याच्या या मौनाला आपण ‘अभ्यासात मागे’ असे नाव देतो.

भावनांचे शिक्षण ही अभ्यासातून उरलेल्या वेळात करावयाची हौस आहे, असे मानणाऱ्या पालकांना या मौनाचे कारण नीट उलगडून सांगितले पाहिजे. मनाची एकाच वेळी धारण करण्याची शक्ती फार थोडी असते: हातचा लक्षात ठेवणे, पुढचा अंक वाचणे आणि वजाबाकी करणे एवढ्यानेच ती बहुतेक भरून जाते, त्यात हसे होण्याचे भय शिरले म्हणजे हातच्याला जागा उरत नाही. ज्याला आपले भय ओळखता येते, ते शब्दांत सांगता येते आणि सांगितल्यावर कोणी हसणार नाही याची खात्री असते, त्याची तेवढी शक्ती मोकळी होते. २०११ साली अमेरिकेतील अभ्यासकांनी भावनांच्या शिक्षणाच्या २१३ शालेय उपक्रमांचा, म्हणजे २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. या उपक्रमांतील मुलांचे वर्तन तर सुधारलेले दिसलेच, परंतु शालेय विषयांतही सरासरी विद्यार्थी शंभरांच्या रांगेत सुमारे ११ स्थाने पुढे सरकलेला आढळला. या शिक्षणात अभ्यासाचा वेळ बुडतो, ही भीती त्या आकड्यांपुढे टिकत नाही.

तथापि आपल्याला अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. अमरावतीत काही वर्षे संसार केलेल्या, म्हणून वऱ्हाडाला परक्या नसलेल्या ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात बालशिक्षणाच्या कार्यात पडल्या. त्याच कार्यातून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. आणि शहरातील सुखवस्तू मुलांसाठी चाललेले हे शिक्षण खेड्यातील दरिद्री मुलांना मिळालेच पाहिजे, या ध्यासाने ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या अनुभवातून आला. महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, शिंपले, खडे आणि पाने घेतली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून शाळाच कुरणावर गेली. आणि थोरल्या बहिणीच्या कडेवर भावंड असते, या वस्तुस्थितीला अडचण न मानता तिलाच पाया करून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची एकत्र ‘विकासवाडी’ उभी राहिली. मला यातली सर्वांत मोठी गोष्ट ही वाटते, की मुलीच्या ममतेची आणि तिच्या शिक्षणाची फारकत करण्याचे या दोघींनी नाकारले. आश्विनातल्या आमच्या त्या मुलीचा प्रश्न कोसबाडला केव्हाच सुटला होता, आणि तो सुटण्यासाठी तिथे एकाच आवारात एक पाळणा टांगावा लागला होता.

अलीकडचे उदाहरण समाजसेवक शांतिलाल मुथ्था यांचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर त्यांनी सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास आणले. ज्यांच्या डोळ्यांदेखत घरे कोसळली त्या मुलांपुढे नुसते पुस्तक उघडून भागणारे नव्हते. २००९ साली त्यांच्या प्रेरणेने बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो राज्यभर पसरला. मुलांनी जोडीने बोलावे, गटाने विचार करावा, वर्गाचे नियम वर्गानेच ठरवावेत, अशी त्याची रीत आहे. मूल्यांवर व्याख्यान देण्यापेक्षा मुलांच्या बसण्याबोलण्याची व्यवस्था बदलणे मला अधिक फलदायी वाटते. कारण रोज एकमेकांच्या पाठीकडे पाहत बसणाऱ्या मुलांना आठवड्यातून एका तासिकेत सहकार्य शिकविणे हा व्यर्थ श्रम आहे.

ही व्यवस्था कोठे बदलावी याचे उत्तर शाळेतल्या भांडणात मिळते. मधल्या सुटीत दोघे मारामारी करतात, फिर्याद गुरुजींपुढे येते, साक्षी होतात, निवाडा होतो, एकाला शिक्षा मिळते आणि दोघेही वर्गात पूर्ववत शत्रू होऊन बसतात. या चौकशीत गुन्हेगार सापडतो, पण ‘तुला तेव्हा काय वाटले?’ हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नाही. त्याऐवजी एकाने आपले म्हणणे सांगावे, दुसऱ्याने ते पहिल्याचे समाधान होईपर्यंत आपल्या शब्दांत पुन्हा सांगावे, मग पाळी बदलावी, आणि तोडगा दोघांनी काढावा. दहा मिनिटांचे हे काम आहे, त्याला सामग्री लागत नाही, आणि ते वऱ्हाडीत किंवा गोरमाटीत झाले तर अधिक चांगले, कारण रागाची आणि रडण्याची भाषा घरचीच असते. हे घरीही करता येते. शेतावरून थकून आलेल्या बापाने ‘आज किती मार्क मिळाले?’ हे विचारण्याआधी ‘आज कोणासंगं खेळला?’ एवढे विचारले आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकले, तरी मुलाला आपल्या दिवसाकडे पुन्हा पाहण्याची सवय लागते.

आणि शिक्षकाने महिन्याकाठी वर्गातल्या चार-पाचच मुलांकडे बारकाईने पाहावे, म्हणजे वर्षाअखेर सगळा वर्ग पाहून होतो. मग त्या रकान्यात याद्यांतले वाक्य उतरवावे लागणार नाही. तेथे असे काही लिहिता येईल: ‘सोंगणीच्या दिवसांत धाकट्या भावाला घेऊन येत होती. तो रडला म्हणून वजाबाकी अर्धी सोडून बाहेर गेली. परत आल्यावर शेजारणीचा हातचा चुकलेला पाहिला आणि तिला वऱ्हाडीत समजावून सांगितला.’